धाकट्याचं वचन

मटण शिजलं होतं, पाळकसाहेब येऊन बसले होते, आणि माझा धाकटा लेक शांतवन मागच्या खोलीतून बाहेर यायचं नाव घेत नव्हता.

नाताळाच्या आधीचा रविवार. उपासना आटपून सगळे सरळ आमच्या घरी आले होते, कारण उपकारस्तुतीचं जेवण होतं. माझी नात सृष्टी, थोरल्या शमुवेलची पोर, डेंग्यूतून उठली होती. नांदेडच्या दवाखान्यात तिला बघून मी हाय खाल्ली होती. आता ती ओट्यावर बसून भाकरीचा पापुद्रा काढून खायलीती आणि मी दटावलं की जीभ दाखवायलीती. तिची ती जीभ बघून मी मनात दहा वेळा धन्यवाद म्हणाले. तोंडानं मात्र म्हणलं, "झाकण ठेव गं त्या टोपल्यावर, उंदरा!"

आमच्या घरात वचन म्हणल्याशिवाय ताट मिळत नाही. हा कायदा माझा आहे. आमचे मालक दत्तराव पूर्ण्याच्या लोको शेडात होते. ते होते तेव्हापासून आजपर्यंत घरात कुणी असं गपकन जेवलेलं नाही. रोजचं जेवण असो, सणाचं असो, एकेकानं शास्त्रातलं एक वचन तोंडपाठ म्हणायचं आणि मग घासाला हात लावायचा. एकानं म्हणलेलं दुसऱ्यानं म्हणायचं नाही. चोरी चालत नाही. मी शाळेत दुसरीपर्यंत गेले, आजही बोट ठेवून वाचते, पण वचनात मला हरवणारं या गल्लीत कुणी जन्मलेलं नाही. पाळकसाहेबांचंही दोनदा चुकलेलं मी मंडळीत सगळ्यांच्या देखत दुरुस्त केलं आहे.

पोरं लबाड. सगळ्यांचा डोळा एकाच वचनावर. "येशू रडला." दोन शब्द, आणि ताट हातात. माझी तिन्ही लेकरं त्याच्यासाठी एकमेकांचं तोंड दाबायची. शेवटी मी हुकूम काढला, की हे वचन घरात सगळ्यात धाकटं जे बोलतं लेकरू असेल त्याचं. बाकीच्यांनी डोकं चालवायचं. तसं ते मार्थाकडून शांतवनकडं आलं आणि पुढं कैक वर्षांनी सृष्टीकडं गेलं.

"माय, हाक मारू का शांत्याला?" मार्थानं विचारलं. ही माझी मधली. पाथरीला दिलेली. सकाळच्या जीपनं आली होती आणि आल्यापासून तिचं नाक फुगलेलं होतं.

"तू कशाला? ज्याच्या लेकरासाठी जेवण हाय त्यानं बोलवावं," मी म्हणलं, आणि शमुवेलकडं बघितलं.

शमुवेल पाळकसाहेबांपाशी खुर्चीवर बसला होता. रेल्वेत आहे, मंडळीचा सेक्रेटरी आहे, इस्त्रीचा शर्ट घातल्याशिवाय अंगणातसुद्धा येत नाही. तो म्हणाला, "सांगितलंय की त्याला. सुवार्ता जाऊन आली."

सुवार्ता त्याची बायको. तिनं चुलीपाशी बसूनच मान खाली घातली. ती गेली होती हे खरं. दारापर्यंत. दार उघडं होतं आणि आत दोन पिशव्या बांधून ठेवलेल्या दिसल्या, म्हणून तिचा पाय पुढं गेला नाही. हे तिनं मला भाकरी थापता थापता कानात सांगितलं. मंगळवारच्या गाडीनं शांतवन पुण्याला निघणार होता. कंपनीत वायरमनची नोकरी. नोकरीबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. पण त्यानं बायकोला, संघप्रियाला, सांगून ठेवलं होतं, की खोली बघून झाली की तुला न्यायला येतो, आणि मग या घराची पायरी पुन्हा चढायची नाही.

हे एवढं कशावरून झालं ते ऐका.

मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात शांतवनला लेक झाली. महिना भरायच्या आत गेली. बारसं सुद्धा व्हायचं होतं, आमी सगळे नुसतं बाळ म्हणायचो. कबरस्तानातून आलो त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरातल्या सगळ्यांचे मोबाईल एकदम वाजले. शमुवेलनं घरच्या ग्रुपवर रोजच्यासारखं वचन टाकलं होतं. तो रोज टाकतो. गुलाबाचं फूल, चहाचा वाफाळलेला कप, आणि खाली सोनेरी अक्षरांत वचन. त्या दिवशीचं होतं, "सर्वदा आनंदित असा."

शमुवेलच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याला कुठून तरी रोज येतं, तो न बघता पुढं ढकलतो. पण शांतवननं ते बघितलं. संघप्रियानंही बघितलं. तिच्या अंगावरचं दूध अजून आटलं नव्हतं.

शांतवन ग्रुपमधून निघाला. आठवड्यानं त्यानं मागच्या खोलीत वेगळी चूल मांडली. दोन दारांच्या मधी तेवढं अंगण, एक रांजण आणि एक शेवग्याचं झाड. तेवढी जागा वर्षभर दोघा भावांना ओलांडता आली नाही. शमुवेल म्हणायचा, मी काय मुद्दाम केलं का? शांतवन काहीच म्हणायचा नाही.

"दादा," मार्था आता उभी राहिली, "सकाळी मंडळीत तू उपकारस्तुती केलीस ना?"

"केली की."

"डॉक्टरचे आभार मानले. नर्सबाईचे मानले. ज्यानं नांदेडला नेलं त्या गाडीवाल्याचे तर नावानिशी मानले."

"मग? मानायचे न्हाईत का?"

"अन् प्लेटलेट कुणी दिल्या रं?"

शमुवेल शर्टाची बाही नीट करायला लागला.

"बोल की! मुक्याचं सोंग कामून घ्यायलास? पहिल्या गाडीनं येऊन खुर्चीवर हात पसरून कोण बसलं व्हतं? तुझ्या पोरीला रगत देऊन चहाबी न पेता कोण गेलं? देवाचे आभार मानायलास, भावाचे कोण मानील? पाळकसाहेब?"

पाळकसाहेब चांगला माणूस. नुकता आमच्या मंडळीवर आलेला, वयानं माझ्या शमुवेलपेक्षा लहान. त्यानं पाण्याचा तांब्या उचलला आणि तोंडाला लावून ठेवला. रिकामा होता तरी.

"मार्था, पाहुण्यापुढं तमाशा करू नको," शमुवेल म्हणाला.

"पाहुणे न्हाईत ते, पाळक हायत. ऐकू दे की. त्यांचं कामच ऐकायचं हाय."

सुवार्ता नवऱ्याच्या बाजूनं काही बोलेल असं मला वाटलं होतं. ती हातातलं पीठ झाडत म्हणाली, "ताई खरं बोलायल्यात." एवढंच. शमुवेलनं बायकोकडं असं बघितलं जसं रूळ पायाखालून सरकला. मला मनात बरं वाटलं. सून आणल्यापासून पहिल्यांदा ती माझ्या पसंतीचं बोलली होती.

मग मी उठले. गुडघे कुरकुरले, पण गेले.

मागच्या खोलीच्या दारात उभी राहिले. शांतवन बाजेवर बसून पक्कड, टेस्टर एका जुन्या पायजम्यात गुंडाळायलाता. संघप्रिया खिडकीपाशी. ही पोर मानवतची, बौद्ध घरातली, अंगणवाडीत सेविका आहे. लग्न त्या दोघांनी आपलं आपण ठरवलं. मी तेव्हा पुष्कळ आदळआपट केली होती, आणि तिनं माझ्या प्रत्येक बोलण्याला तोडीस तोड उत्तर दिलं होतं. त्यावरून मी ओळखलं, की बाई दमाची आहे. तिचा बाप्तिस्मा झालेला नाही, मी तिला कधी जबरदस्ती केली नाही. जेवताना वचनाची पाळी आली की शांतवन दोन म्हणायचा, एक स्वतःचं आणि एक तिच्या नावचं. तेवढी सूट मी दिली होती.

"ताट थंड व्हायलंय," मी म्हणलं.

"भूक न्हाई, माय."

"पुण्याला जायलास?"

"व्हय."

"जा की. हात हायेत, कमव. पण उपाशी जाऊ नको. लोक म्हणतील पंचफुलानं लेकाला जेवू घातलं न्हाई."

"लोकांची फिकीर तुला!"

"मग कुणाची करू? तू तर करूच देईनास."

त्यानं पायजम्याची गाठ मारली. सोडली. पुन्हा मारली. म्हणाला, "माय, जेवतो. तुझ्यासाठी येतो. पण वचन म्हणणार न्हाई."

"मग ताट न्हाई."

"मग ऱ्हाऊ दे."

"ऱ्हाऊ दे तर ऱ्हाऊ दे."

मी वळले. कुणापुढं मान तुकवायची मला सवय नाही, पोटच्या पोरापुढं तर नाहीच नाही. पण अंगण ओलांडताना शेवग्याला धरून जरा थांबले. मनात म्हणलं, देवा, हे पोर माझ्यावरच गेलंय, मी ह्याला काय शिकवू?

खोलीत पुढं काय झालं ते मला संघप्रियानं नंतर सांगितलं. ती शांतवनला म्हणाली, "मी जाते जेवायला."

"कामून?"

"सृष्टी वाचली म्हणून. तुमाला आनंद न्हाई झाला का ती वाचली म्हणून?"

"झाला की. म्हणून तर रगत दिलं."

"मंग तो आनंद इथं बसून कुणाला दाखवायलाव? मला त्या पोरीसंगं बसून जेवायचंय. तुमी पिशव्या बांधत बसा."

आणि ती आली. एकटी. डोक्यावर पदर नाही, ताठ चालत, अंगण ओलांडून. वर्षभर जी जागा दोघा भावांना ओलांडता आली नाही, ती या पोरीनं पाच पावलांत ओलांडली आणि सृष्टीच्या शेजारी मांडी घालून बसली. तिच्या मागून शांतवन आला. बायकोला एकटीला बसवणं त्याला जमलं नाही. कुणाकडं न बघता बसला, भिंतीला टेकून, दाराजवळ.

मार्थानं दोन ताटं वाढवली.

"पाळकसाहेब, सुरू करा," मी म्हणलं.

पाळकसाहेबांनी डोळे मिटले आणि रोमकरांस पत्रातलं असं लांबलचक वचन धरलं की संपेना. मी थोडा वेळ दम धरला. मग म्हणलं, "साहेब, रस्सा थिजायलाय." ते हसले आणि आमेन म्हणाले.

शमुवेलनं घसा साफ केला. "परमेश्वराचे उपकारस्मरण करा, कारण तो चांगला आहे." चांगलं म्हणला. आवाज बापासारखा आहे त्याचा.

सुवार्तानं मेंढपाळाचं स्तोत्र धरलं, पहिली ओळ. ती कायम तेच म्हणते. आज "मला काही उणे पडणार नाही" म्हणताना तिचा आवाज अडकला, कारण दवाखान्यात पोरीच्या उशाशी बसून ती एवढीच ओळ म्हणत होती. पुढची तिला आठवत नव्हती. तिनं मला सांगितलं होतं, "आई, सगळं पाठ असलेलं विसरले, पण तेवढी ओळ तोंडातून जाईना." वचन हे असं असतं. शंभर पाठ करावी तेव्हा गरजेला एक हाताशी येतं. म्हणून मी पोरांच्या मागं लागते, उगीच नाही.

मार्थाची पाळी आली. तिनं पदर सावरला, थेट शमुवेलकडं बघितलं आणि म्हणाली, "प्रथम आपल्या भावाबरोबर समेट कर आणि मग येऊन आपले दान अर्पण कर."

"वचन देवाला म्हणायचं असतं, मला न्हाई," शमुवेल पुटपुटला.

"देवाला पाठ हाय ते. तुलाच न्हाई."

"गप," मी म्हणलं. "दोघंबी. सृष्टे, तुझी पाळी. म्हण, आन् जेव."

सृष्टीनं माझ्याकडं बघितलं. मग संघप्रियाकडं. म्हणाली, "निरंतर प्रार्थना करा."

"आता गं? दवाखान्यातून आलीस म्हणून सूट देतेय. अंगात ताकद न्हाई, तुझं ते छोटं म्हण की."

"ते मी म्हणत न्हाई आजी."

"कामून? तुझंच हाय ते."

"माझं न्हाई," ती म्हणाली. अगदी सरळ, जसं दप्तर कुणाचं आहे ते सांगावं. "तूच म्हणली व्हतीस ना, काकूचं बाळ आलं की येशू रडला बाळाचं. मी दिलं व्हतं तिला. मग मी कसं घेऊ?"

माझ्या हातातली पळी तशीच राहिली.

मला आठवलं. संघप्रियाला दिवस गेले तेव्हा मीच या पोरीला म्हणले होते, आता तू मोठी, दुसरं पाठ कर. किती रडली होती. चॉकलेट कबूल केल्यावर कुठं सोडलं होतं तिनं. आणि त्याला आता वर्ष उलटून गेलं, रोज दोन वेळा ती माझ्या समोर जेवली, आणि पोरगी एकदाही ते वचन म्हणली नाही हे माझ्या ध्यानात आलं नाही. मी, पंचफुला, जिच्यापासून एक शब्द सुटत नाही.

शांतवननं मान वर केली नाही.

संघप्रियानं सृष्टीचा हात आपल्या मांडीवर घेतला. त्या हातावर सुईचे डाग अजून काळेनिळे होते. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "आई, एक विचारू?"

"विचार."

"तो रडला कशाला?"

"कोण?"

"येशू. तुमी सगळे हसत हसत म्हणता ते. मी या घरात आल्यापासून ऐकतेय. पण कामून रडला ते मला कुणी सांगितलं न्हाई."

आमी एकमेकांकडं बघितलं. पाळकसाहेबांनी तोंड उघडलं, पण मी हात केला. माझ्या घरातली सून मला विचारत होती.

"त्याचा दोस्त व्हता," मी म्हणलं. "लाजर. बेथानी गावचा. त्याला दोन बहिणी, मार्था आन् मरिया. लाजर बिमार पडला तवा बहिणींनी निरोप धाडला व्हता, की ये. ह्याला यायला उशीर झाला. आला तवर लाजराला कबरीत ठेवून चार दिवस झाले व्हते. मरिया आली, त्याच्या पायाशी पडली. म्हणली, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता."

"रागावली त्याच्यावर?"

"रागावली की. रागावू नये तर काय करावं? आन् त्यानं तिला रागावू नको म्हणलं न्हाई. तिला रडताना बघितलं, संगं आलेली माणसं रडताना बघितली. 'कुठं ठेवलंय त्याला?' एवढं विचारलं. आन् रडला."

"आन् मग?"

"मग कबरीवरची धोंड काढायला लावली. हाक मारली. लाजर उठून आला."

संघप्रियानं पुन्हा विचारलं, "त्याला ठावं व्हतं का, की लाजर उठणार हाय?"

"ठावं व्हतं. त्यासाठीच तर आला व्हता."

"उठवणार व्हता तरी रडला?"

"तरी रडला."

अंगणात कुठला तरी कावळा शेवग्यावर बसला होता, त्याला हाकलायलाही कुणी उठलं नाही. मी हे वचन जन्मभर सांभाळलं होतं. कुणी म्हणायचं, कुणी नाही, त्याचा कायदा केला होता. आळशी लेकराचं वचन म्हणून हसले होते. आणि पहिल्यांदाच मला माझ्याच तोंडून ते नीट ऐकू आलं.

"मंग हे बाळाचं हाय ते बरोबर हाय," संघप्रिया म्हणाली. तिनं सृष्टीच्या हाताला थोपटलं. "बाळाच्या वतीनं मी म्हणते. चालल का, आई?"

"म्हण."

तिनं पाळकसाहेबांनी मिटले तसे डोळे मिटले नाहीत. उघड्या डोळ्यांनी, भिंतीकडं बघत, हळू म्हणाली, "येशू रडला."

मी तिच्या ताटात पहिली पळी घातली. पळी जास्त भरली होती, रस्सा ताटाच्या काठावरून सांडला. तिनं तो बोटानं निपटून घेतला.

आता दाराजवळचा राहिला होता. सगळे ताटात बघत होते, कुणी त्याच्याकडं बघायची हिंमत करेना. मी पण नाही. मी पळी भांड्यात टाकून उगीच ढवळत बसले.

"येशू रडला," शांतवन म्हणाला.

आवाज फुटलेला, बारीक. लहानपणी मार्थाचं तोंड दाबून ओरडायचा तो हाच का असं वाटावं.

"आजी!" सृष्टी एकदम म्हणाली, "काकानं काकूचंच म्हणलं! चोरी हाय!"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. कायदा माझा. या घरात एकाचं वचन दुसऱ्याला कधी चाललेलं नाही. दत्तराव स्वतः एकदा चुकून शमुवेलचं म्हणले होते तर मी त्यांना दुसरं म्हणायला लावलं होतं, ड्युटीवरून भुकेले आले होते तरी.

"मोजलं," मी म्हणलं. "मार्था, वाढ त्याला."

मार्था उठायच्या आत शमुवेल उठला. इस्त्रीच्या शर्टाची बाही न सरकवताच त्यानं टोपल्यातली भाकर घेतली, मोडली, शांतवनपुढं बसला आणि त्याच्या ताटात चुरली. लहानपणी असंच चुरून द्यायचा त्याला. रस्सा ओतला. बाही भिजली.

"त्या सकाळी," तो म्हणाला, "मी हेच पाठवायला पाहिजे व्हतं, शांत्या."

शांतवननं घास हातात धरला होता. "त्या सकाळी तू यायला पाहिजे व्हतं, दादा. अंगण ओलांडून. काही पाठवायचं नव्हतं."

शमुवेल मंडळीचा सेक्रेटरी आहे, त्याच्याकडं प्रत्येकाला द्यायला वचन असतं. तो तिथंच, भावाच्या ताटाशी बसून रडला. मोठ्यानं. मार्थानं तोंडाला पदर लावला आणि तीही. सुवार्ता तर आधीपासूनच. पाळकसाहेब पुन्हा रिकाम्या तांब्याकडं वळले, तेव्हा मी त्यांना म्हणलं, "भरून देऊ का आता?"

मग शांतवननं डाव्या हातानं शमुवेलच्या पाठीवर थाप मारली. "जेव रं. थिजायलंय."

माझी पाळी सगळ्यात शेवटची असते. माझं एकच, ठरलेलं. "हे माझ्या जिवा, परमेश्वराचा धन्यवाद कर, त्याचे सर्व उपकार विसरू नकोस." मी म्हणत होते आणि नजर ताटांवरून फिरत होती. सुईचे डाग असलेला बारका हात. भिजलेली बाही. संघप्रियाच्या काठावरचा रस्सा. सर्व म्हणजे सर्व. एक महिनाभरसुद्धा न टिकलेला उपकार, ज्याचं नाव ठेवायचं राहून गेलं, तोही त्यात मी धरला. मग मी भाकर मोडली. त्या दिवशीच्या मटणासारखं मटण पुन्हा घरात झालेलं नाही. मीठ जरा जास्त होतं, पण ते मी कुणाला बोलू दिलं नाही.

शांतवन मंगळवारी गेलाच. जायचंच होतं, नोकरी आहे. पण संघप्रिया इथंच राहिली, नाताळ करून जाणार म्हणाली, आणि मागच्या खोलीतली चूल तिनं स्वतः विझवून ताट घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली. शमुवेल त्याला स्टेशनावर सोडायला गेला. पिशव्या त्यानंच उचलल्या. जाताना दोघं कबरस्तानावरून गेले. शमुवेलनं विचारलं होतं, "कुठं ठेवलंय तिला ते मला नीट दाखव." मातीला आणताना तो होता, पण पुस्तकातून प्रार्थना वाचत होता, त्यानं जागा बघितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमी जेवायला बसलो तर सृष्टी मोबाईल घेऊन पळत आली.

"आजी, पप्पानं काकाला परत ग्रुपमधी घेतलं! पप्पानं काय टाकलंय बघ."

"फूल टाकलं असल."

"न्हाई. फूल न्हाई. नुसतं लिहिलंय, पोचलास का, जेवलास का."

"आन् तो काय म्हणतो?"

"पोचलो. जेवायला बसलोय, म्हणतो."

"ईचार त्याला, वचन म्हणलास का?"

सृष्टीची बोटं चालली. आमी सगळ्या बायका तिच्या डोक्यावरून वाकून त्या उजेडाकडं बघत बसलो, जसं त्यातून तो स्वतःच बाहेर येणार होता. टिंग वाजलं.

"म्हणलं, म्हणतो."

"कोणतं?"

पुन्हा बोटं. पुन्हा टिंग. सृष्टी वाचून हसली. मग संघप्रियाकडं बघून जरा थांबली, आणि हळू वाचून दाखवलं.

"छोटंच, म्हणतो. सकाळी पण तेच म्हणलं व्हतं. चोरी हाय का, विचारायलाय."

संघप्रियानं पदरानं डोळे पुसले. ती हसत होती.

"लिही," मी म्हणलं, "माय म्हणते, मोजलं."

आणि मी भाकरीला हात घातला. मग आठवलं, माझंच राहिलं होतं.